मनिलात मयताहून थेट घरी जात नाहीत (आणि असेच इतर शकुन-अपशकुन)

तळ्यातमळ्यात

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला. २०१४ ते २०१८ अशी चार वर्षं नोकरीनिमित्त फिलिपिन्समध्ये, मनिलात काढली. तिथल्या समजुतींबद्दल, त्यांच्या शब्दात 'पामाहिइन'बद्दल, हा धागा.

पहिला धडा गेल्या गेल्याच मिळाला. ऑफिसातल्या एकाची आई गेली. तिकडे मयत लगेच हलवत नाहीत. चार-पाच दिवस, मुलगा परदेशातून यायचा असेल तर आणखीही, शवपेटी घरात नाहीतर प्रार्थनागृहात ठेवतात. पेटीच्या वरच्या अर्ध्या भागाला काच. रात्रभर दिवे चालू आणि कोणी ना कोणी जागं. ह्याला म्हणतात लामाय. आम्ही नऊजण गेलो. बाहेर मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कॉफी, बिस्किटं, खारवलेल्या कलिंगडाच्या बिया, आणि एका टेबलावर चक्क पत्त्यांचा डाव रंगलेला. पैसे लावून! मी डोळे फाडून बघत राहिले. नंतर कळलं की डावातला काही वाटा घरच्यांसाठी काढून ठेवतात, त्यातून दफनाच्या खर्चाला हातभार लागतो. शिवाय पत्ते असले की माणसं पहाटेपर्यंत थांबतात.

आम्ही निघालो तेव्हा तो सहकारी खुर्चीतून उठलाही नाही. आभार नाहीत, दारापर्यंत येणं नाही. एरवी लिफ्टपर्यंत सोडायला येणारा माणूस. म्हटलं, दुःखात आहे बिचारा. गाडीत बसल्यावर बाकीच्यांनी सांगितलं, की सुतकातल्या माणसाने आभार मानायचेच नसतात, सोडायलाही यायचं नसतं. नाहीतर मरण पाहुण्यामागून त्याच्या घरी जातं.

मग गाडी माझ्या घराच्या उलट्या दिशेला वळली. रात्रीचे साडेबारा. डोनटच्या दुकानासमोर थांबली. "मला भूक नाहीये," मी म्हटलं. "भुकेसाठी नाही ग, पगपग!" पगपग म्हणजे झटकणं. मयताहून थेट घरी गेलं तर आत्मा पाठोपाठ घरात येतो, म्हणून वाटेत कुठेतरी थांबायचं. आत्मा तिथे गोंधळतो आणि मागे राहतो. मी विचारलं, मग ह्या डोनटवाल्याचं काय? रोज किती आत्मे पदरात पडत असतील त्याच्या! सगळे खो खो हसले, पण एकही जण न थांबता घरी गेला नाही.

त्या रात्री एका टेबलाशी नऊजण तासभर बसलो. गेलेल्या बाईंच्या आठवणी निघाल्या, कोणीतरी रडून घेतलं. एकटी घरी आले असते तर भिंतीकडे बघत बसले असते.

आठवलं काय, तर आपल्याकडे समाचाराला गेल्यावर निघताना "येते" म्हणत नाहीत, आणि ते लोकही "या" म्हणत नाहीत. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. तेच की हे.

जहाजावर, आखातात, इस्पितळात ज्यांचा फिलिपिनो माणसांशी संबंध आलाय, त्यांनी भर घाला.

आजीची नात

मस्त धागा. समाचाराचं अगदी पटलं. माझी आजी तर परत आल्यावर अंगणातच पाणी मागायची. अजून येऊ द्या.

शंकेखोर

लेख छान, पण एक शंका. पत्त्यांना 'हातभार' आणि आत्म्याला 'आठवणी' अशी गोंडस कारणं चिकटवली की कुठलीही अंधश्रद्धा शहाणी दिसते. आपल्याकडेही "त्यामागे शास्त्र आहे"वाले कमी नाहीत.

तळ्यातमळ्यात

@शंकेखोर, शास्त्र आहे असं मी म्हटलेलंच नाही हो. आत्मा मागे येतो ह्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मी एवढंच बघितलं, की ह्यातल्या पुष्कळशा समजुती नेमक्या अशा जागी असतात जिथे माणसाला काय बोलावं, काय करावं ते सुचत नाही.

दुसरी गोष्ट सांगते. जीपनीत बसले होते. जीपनी म्हणजे आपली लांबोडी वडापची जीप समजा, दोन्ही बाजूंना बाकं, गुडघ्याला गुडघा. समोर सात-आठ महिन्यांचं गुटगुटीत बाळ. मी मराठी बाई, गप्प कशी बसेन? "कित्ती गोड!" केलं, गालाला हात लावला. आई हसली आणि पुटपुटली, "पुएरा उसोग." दोन थांबे गेले, बाळ किरकिरायला लागलं. तशी ती संकोचत म्हणाली, की अंगठ्याला जरा थुंकी लावून ह्याच्या पोटाला लावाल का? अख्खी जीपनी माझ्याकडे बघतेय! लावली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा प्रवास.

घरी आल्यावर घरमालकीणबाईंनी उलगडा केला (त्यांना आम्ही लोला म्हणायचो, लोला म्हणजे आजी). उसोग म्हणजे परक्या माणसाच्या नजरेने, कौतुकाने, नुसत्या बोलण्यानेही बाळाला होणारा त्रास. पोट फुगतं, ताप येतो, रडं थांबत नाही. 'पुएरा' हा स्पॅनिश 'फुएरा'वरून आलेला शब्द, अर्थ बाहेर, दूर. आणि उतारा त्याच माणसाच्या थुंकीत. नजर लावणारा वाईटच असतो असं नाही, त्याला बिचाऱ्याला कळतही नाही. म्हणून रागावायचं नाही, फक्त थुंकी मागायची.

मीठमोहरी

अग्गोबाई! आपल्याकडे "थू थू, दृष्ट लागेल" म्हणताना थुंकल्यासारखं करतात, पण प्रत्यक्ष परक्या बाईला थुंकी लाव म्हणायचं म्हणजे... तिकडच्या बाळांना काजळाचा तीट लावतात का?

तळ्यातमळ्यात

तीट नाही पाहिला. मनगटात लाल-काळ्या मण्यांचं कडं असतं मात्र. आपल्या मनगट्याच जणू. चर्चबाहेरच्या टपऱ्यांवर ढिगाने मिळतात.

आणि मीठमोहरी, तुमच्या नावाला जागून एक सांगते. बाळाचं रडं थांबेना की जाणत्या बाईकडे नेतात. ती मेणबत्तीचं मेण पाण्यात ठिबकवते आणि जो आकार थिजतो त्यावरून कोणी धरलंय ते सांगते: माणूस, वारुळातला म्हातारा की झाडावरचं कोणी. ह्या प्रकाराला 'तावास' म्हणतात. तावास ह्या शब्दाचा मूळ अर्थ माहितेय? तुरटी! पूर्वी मेणाऐवजी तुरटीच तापवत.

मीठमोहरी

अंगावर काटा आला. माझी सासू अजून तुरटी ओवाळून निखाऱ्यावर टाकते. फुगून जो आकार होतो त्यात नजर लावणाऱ्याचं तोंड दिसतं म्हणते. एकदा तिला त्यात आमची शेजारीण दिसली होती, तेव्हापासून वाटीभर साखरसुद्धा मागायची सोय राहिली नाही.

खलाशी काका

मी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर. आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) बहुतेक वेळा फिलिपिनो, खाली इंजिनात अर्धे तेच, अर्धे आम्ही. सोन्यासारखी माणसं. पण शकुनात आमच्या कोकणाला मागे टाकतील.

एका बोसनाच्या दोन मुली. थोरलीचं लग्न फेब्रुवारीत झालं, धाकटीला मुलगा पसंत, डिसेंबरची सुट्टी ह्याची मंजूर. तरी लग्न पुढल्या जानेवारीवर. का? तर 'सुकोब'. सख्ख्या भावंडांची लग्नं एका वर्षात झाली तर दोघांचं नशीब एकमेकांना खातं. दोन आठवड्यांसाठी बिचाऱ्याने कंपनीशी भांडून सुट्टी पुढे ढकलली. सुट्टी पुढे ढकलणारा खलाशी मी आयुष्यात तो एकच पाहिला.

मी म्हटलं, बाबा रे, आमच्याकडेही लग्न झालेल्या घरात सहा महिने मुंज करत नाहीत, पण संवत्सर बदललं की चालतं. हे ऐकून तो खूष झाला. म्हणाला, तुमचे लोक समजूतदार.

पुढे गंमत ऐका. घरात कोणी वारलं तर त्याच वर्षात लग्न करणं हाही सुकोबच, म्हणजे वर्षभर थांबायचं. आणि आपल्याकडे? वर्षाच्या आत उरकून घ्या, नाहीतर तीन वर्षं थांबा! त्याला सांगितलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच कुठला रानटी. 

आणि एकतीस डिसेंबर! जहाज भर समुद्रात, आणि सगळ्यांच्या अंगात ठिपक्याठिपक्यांचे शर्ट. गोल म्हणजे नाणं, म्हणून ठिपके गोल, खिशात चिल्लर आणि टेबलावर बारा प्रकारची गोल फळं, महिन्याला एक. बंदरातून सफरचंद, संत्री, द्राक्षं, खरबूज असं काहीबाही मिळालेलं. कुकची मोजणी नवावर अडकली. शेवटी त्याने लिंबू, टोमॅटो आणि कांदा मांडून बारा भरले. आपल्या मोठ्या कांद्याला ते 'सिबुयास बोंबाय' म्हणतात, म्हणजे मुंबईचा कांदा. मला म्हणाला, सर, तुमचा गाववाला ताटात घेतला.

तळ्यातमळ्यात

काका, लोटपोट हसले!

नव्या वर्षाची लोलाच्या घरची तऱ्हा सांगते. दुपारपासून तांदळाचा डबा काठोकाठ, मिठाची बरणी काठोकाठ. रात्री बाराला घरातला एकूण एक दिवा लावायचा, दारं-खिडक्या उघड्या, कपाटाचे खणसुद्धा बाहेर ओढलेले, नशिबाला आत यायला अडचण नको. लांब आयुष्यासाठी शेवया, म्हणजे पान्सित. नशीब चिकटून राहावं म्हणून चिकट तांदळाचा गोड पदार्थ. पण कोंबडी वर्ज्य. का, तर कोंबडी मातीत उकरते आणि टिपते, उकरते आणि टिपते. 'इसांग काहिग, इसांग तुका', एकदा उकरायचं तेव्हा एक दाणा. हातावर पोट असणाऱ्याला तिकडे हेच म्हणतात. वर्षाच्या पहिल्या ताटात तसलं दैव कोण वाढून घेईल?

बाराचे ठोके पडले की पोरं उड्या मारतात, उंची वाढावी म्हणून. लोला चार फूट दहा इंच, वय बहात्तर. तीही खुर्चीला धरून तीन उड्या मारायची. मी म्हटलं, लोला, आता कशाला? तर म्हणाली, आहे ती तरी टिकू दे.

लेक दावाओत

माझी मुलगी दावाओला डॉक्टरकीला आहे. तिकडे आपल्या महाराष्ट्रातली बरीच मुलं आहेत. पहिल्या वर्षी गुड फ्रायडेला दुपारी तीननंतर अंघोळीला निघाली तर रूममेटने दार अडवलं. तीनला येशूने प्राण सोडला, त्यानंतर अंघोळ नाही, प्रवास नाही, मोठ्याने हसणंसुद्धा नाही. त्या दिवशी लागलेली जखम भरत नाही म्हणे. आमची कन्या उन्हातून आलेली, घामाघूम. शेवटी टॉवेल ओला करून पुसलंन अंग, ती 'अंघोळ' धरली नाही.

एरवीही अंघोळीबद्दल त्यांचे फार नियम. इस्त्री केल्यावर लगेच हात धुवायचे नाहीत, थकून आल्यावर गार पाणी घ्यायचं नाही, 'पास्मा' होतो. हात थरथरतात, तळव्यांना घाम फुटतो. मुलीच्या पुस्तकात हा रोग नाही, पण वॉर्डात रोज दोन पेशंट सांगतात. बाळंतिणीला परत दुखणं उलटलं तर 'बिनात'. हे ऐकून माझ्या आईने विचारलं, "मग त्यात चूक काय आहे?" आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना गार पाण्याला हात लावू देत नाहीत, तिला ते लोक एकदम शहाणे वाटले.

जुना वैद्य

(नाव जुना वैद्य असलं तरी एमबीबीएस आहे, हलके घ्या.)

समजुतीतून वैद्यकाला दुवा मिळाला त्याचं उदाहरण 'बांगुंगोत'. धडधाकट तरुण पुरुष रात्री भरपेट जेवून झोपतो, झोपेत कण्हतो आणि सकाळी मेलेला सापडतो. इलोकोस भागात सांगत की घराच्या खांबात राहणारी 'बातिबात' नावाची लठ्ठ बाई छातीवर येऊन बसते. त्यावर उपाय म्हणजे जाग आल्यासारखं वाटलं की पायाचा अंगठा हलवायचा किंवा हाताचा अंगठा चावायचा. फिलिपिनो वैद्यकीय लिखाणात ह्या मृत्यूंची नोंद १९१७ पासून आहे. थायलंड आणि जपानमध्येही त्याला वेगवेगळी नावं आहेत. १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी हृदयाच्या विद्युतप्रवाहातला एक दोष वर्णन केला, आणि पुढे लक्षात आलं की अशा मृत्यूंपैकी बऱ्याच जणांत तोच असावा. ईसीजीत दिसतो, पुष्कळदा आनुवंशिक असतो.

म्हणजे बाई नव्हती, पण मरणं खरी होती. "अंधश्रद्धा आहे" म्हणून कोणी मोजलीच नसती तर?

पोफळी

आमच्या गोंयात हे सगळं वाचून कोणाला नवल वाटायचं नाही. स्पॅनिशांनी तिथे ३३३ वर्षं काढली, पोर्तुगीजांनी इथे साडेचारशे. चर्चमध्ये जाणारी मावशी संध्याकाळी मीठ-मिरची घेऊन दिश्ट काढते.

मला विचारायचंय ते झाडांबद्दल. तिथे राखणदार असतो का? आमच्याकडे सीमेवरच्या देवचाराला रोट, सोरो (दारू) आणि विडी ठेवतात. रात्री बांधावरून जायचं तर त्याला सांगून जायचं.

तळ्यातमळ्यात

@पोफळी, असतो म्हणजे काय! तिथला तर सिगार ओढतो. बलेते नावाचं झाड आहे, आपल्या वडाच्या जातकुळीतलं, पारंब्यावालं. त्यावर 'काप्रे' बसतो. काळा, केसाळ, ताडमाड. रात्री झाडात लाल ठिणगी दिसली तर तो सिगार ओढतोय. आमच्या पिंपळावरच्या मुंज्याला कधी असली चैन नव्हती.

आणि वारुळात असतो 'नुनो', छोटासा म्हातारा. त्याच्या वारुळावर पाय पडला, किंवा (माफ करा) लघवी केली, तर भलत्या जागी सूज येते. म्हणून आडरस्त्याला जाताना म्हणायचं, "ताबी-ताबी पो". म्हणजे, "सरा हं जरा, जातोय." त्यातला 'पो' आपल्या अहो-जाहोसारखा, मोठ्यांशी बोलतानाचा. भुताशीसुद्धा अरे-तुरे नाही! आमच्या कंपनीच्या सहलीला मकीलिंग डोंगरावर गेलो होतो, तिथे सहा फुटी सिक्युरिटी गार्ड झुडपाआड जाण्याआधी हळूच "ताबी-ताबी पो" म्हणताना मी स्वतः ऐकलंय. 

पोफळी

काप्रे! हा शब्द 'काफिर'वरून स्पॅनिशमधून गेलेला. आमच्याकडे पोर्तुगीजांच्या आफ्रिकी गुलामांना खाप्री म्हणत. एकाच शब्दाचं तिकडे झाडावरचं भूत झालं. ह्यात त्या माणसांची काय दशा होती तेही दिसतं.

ताम्रपट

भुतांचं चाललंय तर थोडं देवांचं. तागालोगमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य भाषेत, 'दिवाता' म्हणजे देवता, जुन्या मुख्य देवाचं नाव 'बाथाला', जो संस्कृत 'भट्टार'वरून (म्हणजे स्वामी) आला, आणि श्रद्धेला शब्द 'साम्पालाताया', हा संस्कृत संप्रत्यय. हे मलय-जावाच्या वाटेने गेले.

ह्याहून भारी म्हणजे लागुना ताम्रपट. १९८९ मध्ये लुंबान गावाजवळ नदीतली वाळू उपसताना एकाला सापडला, आता मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुरुवात वाचा: शके ८२२, वैशाख मास, कृष्ण चतुर्थी, सोमवार. इसवी सन ९००. म्हणजे स्पॅनिश यायच्या सहाशे वर्षं आधी तिथे कोणीतरी तिथी-वार बघत होतं. मजकूर काय, तर नामवरान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज माफ केल्याचा दाखला. संकष्टीला कर्जमुक्ती! आमच्या हिने हे ऐकून लगेच हात जोडले.

शंकेखोर

बाकी सगळं गोड आहे, पण आता माझी कडू गोळी. फिलिपिन्समध्ये कुत्रा चावला की 'तांदोक'वाल्याकडे नेण्याची पद्धत आहे. तो जखमेवर शिंगासारखं काहीतरी लावून 'विष' ओढून काढतो. रेबीज ओढून निघत नाही. वेळेत लस घेतली तर माणूस वाचतो, लक्षणं दिसू लागल्यावर वाचणं जवळपास अशक्य. तिकडे दर वर्षी शेकडो माणसं ह्याने मरतात आणि त्यात पोरं बरीच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप, विंचू चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा म्हणून मुद्दाम घातलाय, तो उगाच नव्हे. डोनट खा, ठिपक्यांचे शर्ट घाला, माझी ना नाही. पण उसोग झाला म्हणून तापलेलं बाळ थुंकी लावून घरी ठेवलं तर?

जुना वैद्य

शंकेखोरांशी शंभर टक्के सहमत. 

तळ्यातमळ्यात

मीही सहमत. लोलाच्या शेजारच्या बाळाचं तसं झालेलं बघितलंय, दोन दिवस तावास आणि तिसऱ्या दिवशी सलाईन. वाचलं. त्यावर लोलाचा निष्कर्ष: दोन्हींनी मिळून वाचलं.

अर्धवट इंजिनिअर

बांधकामाचं काही?

तळ्यातमळ्यात

आहे ना. जिना मोजताना 'ओरो, प्लाता, माता' म्हणत चढायचं. सोनं, चांदी, मृत्यू. (आपल्याला 'माता' ऐकून आई आठवते, तिथे मरण.) शेवटची पायरी मातावर येता कामा नये, म्हणजे एकूण पायऱ्या तिनाच्या पटीत नकोत. पायात नाणी पुरतात, कोंबडीचं रक्त शिंपडतात. आणि मोठं बांधकाम निघालं की अफवा ठरलेली, पोरं पळवून नेतायत पुलासाठी. लेते आणि सामार बेटांना जोडणारा सान हुआनिको पूल १९७३ मध्ये पुरा झाला, त्याच्याबद्दल लोक अजून सांगतात.

अर्धवट इंजिनिअर

पुलाला बळी लागतो हे आमच्या लहानपणी गावातही होतं, पूल बांधायला घेतला की आई शाळेत सोडायला यायची. आत्ताच उठून आमच्या सोसायटीचा जिना मोजला. अठरा! बिल्डरला फोन करावा म्हणतो.

आजीची नात

ताई, लग्नातलं सांगा ना अजून.

तळ्यातमळ्यात

नवरीने लग्नाआधी पूर्ण पोशाख घालून बघायचा नाही, लग्न मोडतं. माझ्या मैत्रिणीने वरचा भाग वेगळा आणि खालचा वेगळा घालून मापं दिली. मोती घालायचे नाहीत, ते अश्रू. सुरी भेट द्यायची नाही, दिलीच तर समोरच्याने नाणं देऊन 'विकत' घ्यायची.

पाऊस नको म्हणून ती केसोन सिटीतल्या सांता क्लाराच्या मठात अंडी घेऊन गेली. तिथल्या जोगिणींना अंडी द्यायची, त्या प्रार्थना करतात, आभाळ निरभ्र राहतं. स्पॅनिशमध्ये 'क्लारा' म्हणजे अंड्यातला पांढरा बलकही आणि 'क्लारो' म्हणजे स्वच्छ, असा तो जोड आहे. तरी धो धो पाऊस पडला. तेव्हा सगळे म्हणाले, लग्नात पाऊस शुभ, भरभराट होते! मी सांगितलं, आमच्याकडे म्हणतात नवरीने लहानपणी खरवड खाल्ली. तिला फार आवडलं ते, आणि खाल्ली होतीच म्हणे.

मूल होण्यासाठी ओबांदो गावात मे महिन्यात १७, १८, १९ असे तीन दिवस रस्त्यावर नाचतात. मी गेले नाही, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

मीठमोहरी

रात्री केर काढू नये, नखं कापू नयेत, हे?

तळ्यातमळ्यात

तंतोतंत. पडलेला दात छपरावर टाकणं, तळहात खाजला की पैसे, तेही. काटा पडला तर पाहुणा, चमचा पडला तर पाहुणी. आणि सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे 'बुएना मानो'. सहा वाजता बाजारात कालामान्सी घेतली (बोराएवढी लिंबं), बाईने किंमत उतरवली, नोट घेतली आणि त्या नोटेने मिरच्या, वांगी, लसूण, सगळ्या ढिगांवर टपटप मारत गेली. मी तिथे उभ्या उभ्या "अग बाई, भवानी!" म्हणाले. दादरच्या भाजीवालीने नोट कपाळाला लावलेली आठवली.

खलाशी काका

आमच्याबद्दल काय समजुती आहेत ते लिहा की! 

तळ्यातमळ्यात

काका, ते राहिलंच. तिथे कुठल्याही भारतीयाला 'बुंबाय' म्हणतात, बॉम्बेवरून. बहुतेक पंजाबी, मोटरसायकलवरून गल्लोगल्ली फिरून व्याजाने पैसे देणारे. पाच घ्या, सहा फेडा, म्हणून धंद्याचं नाव 'फाइव्ह-सिक्स'. आणि पोरं जेवत नसली की आया सांगतात, "बुंबाय येईल, पोत्यात घालून नेईल!" शेजारचा चार वर्षांचा पोरगा मला बघून टेबलाखाली शिरायचा. आयुष्यभर बागुलबुवा ऐकला, तिथे जाऊन मीच झाले.

आता एक जड गोष्ट. खून झालेल्या माणसाच्या शवपेटीच्या काचेवर कोंबडीचं पिल्लू सोडतात. ते काचेवर चोच मारत राहतं, आणि तसंच ते मारेकऱ्याच्या मनाला टोचत राहावं अशी समजूत. २०१६ च्या मध्यापासून अमली पदार्थांविरुद्धची मोहीम सुरू झाली, हजारो माणसं मारली गेली. तेव्हा वर्तमानपत्रांतल्या फोटोंत हे पिल्लू सारखं दिसायचं. आमच्या ऑफिसच्या मागच्या वस्तीत एका लामायला गेले होते. खोली दहा बाय दहा. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. पिवळं पिल्लू काचेवर, मूठभर तांदूळ टाकलेले, टक् टक् आवाज. पोलिसात तक्रार केली का, असं कोणी कोणाला विचारत नव्हतं. पिल्लाला दाणे कमी पडले की आई उठून टाकायची.

शंकेखोर

ह्यावर माझ्याकडे प्रश्न नाही.

लेक दावाओत

वाचून बराच वेळ काही लिहवेना. 

मुलगी सुट्टी संपवून परवा परत जातेय. तिकडे प्रवासाला निघणाऱ्यासाठी काही करतात का? आम्ही हातावर दही घालतोच.

तळ्यातमळ्यात

करतात. आणि मला सगळ्यात आवडलेली तीच. सगळे जेवत असताना कोणाला मधेच उठून बाहेर जावं लागलं, तर बाकीच्यांनी आपापलं ताट फिरवायचं. जाणारा सुखरूप पोचतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरातला मुलगा रात्रपाळीला निघाला होता. बोलणं थांबलं नाही, घास थांबला नाही, पण सातही ताटं टेबलावर खर्र करून एकदम फिरली.

अर्धवट इंजिनिअर

कुठल्या दिशेने? घड्याळाच्या काट्याप्रमाणे की उलट? पूर्ण फेरा की अर्धा?

तळ्यातमळ्यात

चार वर्षांत कधी लक्षच दिलं नाही! थांबा, लोलाला विचारते.

लेक दावाओत

कृपया लवकर विचारा, परवा सकाळचं विमान आहे. आमच्याकडे सहा ताटं आहेत.

तळ्यातमळ्यात

केला फोन. लोला आता ऐंशीच्या घरात, कान गेलेत, तीनदा ओरडून विचारलं. म्हणाली, "दिशा कसली विचारतेस? आमटी सांडू नये एवढं बघ."

शंकेखोर

म्हणजे दोन्ही दिशांनी करून निकालांची तुलना कोणीच केलेली नाही तर. (हलके घ्या.) मुलीला शुभेच्छा.